वीस मिलिमीटरची वहिवाट

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटची मागची बाजू नीट पाहा. तिथे पत्र्याच्या अरुंद पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या दिसतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यातल्या एक-दोन पट्ट्या काढून त्या जागी मॉनिटरच्या केबलची तोंडे बाहेर आलेली असतात. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या मध्यांतले अंतर मोजले तर ते २०.३२ मिलिमीटर भरते, म्हणजे ०.८ इंच. हे माप आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाने १९८३ साली रूढ केले. त्यानंतर पट्टीमागचा, कार्ड ज्यात खोचतात तो स्लॉट कितीतरी वेळा बदलला, आणि २००५मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोव्होच्या हवाली केला. अंतर मात्र आजही तेच आहे.

घरचा संगणक अपग्रेड करायला घेतला की दोन प्रश्न पडतात. कार्ड बसेल का? आणि बसले तर पूर्ण ताकदीने चालेल का? पहिल्याचे उत्तर हो आले म्हणजे दुसऱ्याचेही हो, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. ही दोन उत्तरे एकमेकांपासून कशी सुटली, ते स्लॉटच्या कुळात शिरल्यावर कळते.

कुळाची सुरुवात अमेरिकेतल्या अल्बुकर्कीत होते. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुटे भाग घेऊन घरी जोडायचा हा संगणक ३९७ डॉलरना मिळे आणि त्याची स्मरणशक्ती होती अवघी २५६ बाइट. कीबोर्ड नाही, पडदा नाही. हवे ते पुढे जोडून घ्यावे म्हणून एमआयटीएस कंपनीच्या एड रॉबर्ट्स यांनी आत १०० टोकांच्या स्लॉटची रांग दिली. शंभरच का, याचे कारण व्यवहारी होते. तशा कनेक्टरचा माल त्यांना स्वस्तात मिळाला होता. कुठल्या टोकाला काय जोडायचे हेही घाईत ठरले, इतके की ८ व्होल्टच्या टोकाला खेटून जवळपास दुप्पट दाबाचे टोक आले. हात जरा घसरला की कार्ड जळायचे.

तरीही चालला तो हाच स्लॉट. अल्टेअरसाठी मेमरीची कार्डे दुसऱ्याच कंपन्या विकू लागल्या, तेव्हा रॉबर्ट्स चिडले. मग अल्टेअरसारखेच स्लॉट असलेले अख्खे संगणक बाजारात आले. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या मालावर कोण लिहिणार? म्हणून या स्लॉटला ‘एस-१००’ असे तटस्थ नाव मिळाले आणि १९८३मध्ये आयईईई संस्थेने त्याचे रीतसर मानक केले. स्वस्तातल्या मालावरून पडलेली वहिवाट आठ वर्षांत कायदा झाली.

१९७७च्या ॲपल टू संगणकावरून दोन भागीदारांची जुंपली. स्टीव्ह जॉब्ज यांचे म्हणणे, दोन स्लॉट पुरेत, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझ्नियॅक आठावर अडून बसले आणि आठच झाले. जॉब्जना गिऱ्हाइकाला काय लागेल ते माहीत होते. वॉझ्नियॅकना आपल्याला ते माहीत नाही, हे माहीत होते. पुढच्याच वर्षी फ्लॉपी ड्राइव्हचे कार्ड याच स्लॉटमध्ये बसले आणि ॲपल टू घराबाहेर पडून कचेऱ्यांत पोहोचायला मदत झाली. स्लॉट ठेवणे म्हणजे उद्या काय निघेल ते आज सांगता येत नाही, याची बनवणाऱ्याने दिलेली कबुली.

आयबीएमने ती कबुली १२ ऑगस्ट १९८१ रोजी दिली. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे घडवलेल्या त्यांच्या पहिल्या पीसीत पाच स्लॉट होते. प्रत्येकाची टोके ६२. त्यांपैकी २० तारा पत्त्याच्या आणि ८ माहितीच्या, बाकीच्या वीजपुरवठ्याच्या आणि इशाऱ्यांच्या. मदरबोर्डावर थेट जोडणी होती ती कीबोर्डची आणि कॅसेट रेकॉर्डरची. पडद्याला कार्ड लागे, फ्लॉपीला दुसरे, प्रिंटरला तिसरे. पाच स्लॉट बघता बघता भरत. म्हणून एएसटी रिसर्च या कंपनीने ‘सिक्सपॅक प्लस’ नावाचे कार्ड काढले. मेमरी, घड्याळ, प्रिंटरचे तोंड अशी अनेक कामे त्या एकाच कार्डात होती आणि ते धडाक्यात खपले. अशी कार्डे बाहेरच्यांना बनवता आली याचे कारण आयबीएमने मदरबोर्डाचे आराखडे तांत्रिक पुस्तिकेत छापून विकायला ठेवले होते. परवानगी मागायला कुणाच्या दारात जावे लागत नव्हते.

१९८४च्या पीसी एटीत ८ बिटांचे १६ झाले. इथे आयबीएमने शहाणपण दाखवले. जुना स्लॉट होता तसाच ठेवला आणि त्याच रेषेत पुढे ३६ टोकांचा एक तुकडा जोडला. नवे कार्ड दोन्ही तुकड्यांत बसे, जुने पहिल्यात. लोकांनी घेतलेले काही वाया गेले नाही.

शहाणपण तीन वर्षे टिकले. तोवर आयबीएमच्या नकला आयबीएमपेक्षा जास्त खपू लागल्या होत्या. १९८७मध्ये कंपनीने पीएस/२ मालिकेच्या वरच्या मॉडेलांत ‘मायक्रो चॅनेल’ हा नवा स्लॉट आणला. तंत्र म्हणून तो सरस होता. वेग जास्त, शिवाय कार्डाची जुळणी सॉफ्टवेअरमधून होई. पण जुने एकही कार्ड त्यात बसत नव्हते आणि इतरांनी तो वापरायचा तर आयबीएमला परवाना-शुल्क द्यायचे होते. सप्टेंबर १९८८मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी यांच्यासह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ईआयएसए’ हा पर्याय जाहीर केला. एटीच्या जुन्या स्लॉटचे ‘आयएसए’ हे नाव रूढ झाले ते याच भांडणात. ज्या आयबीएमने वहिवाट पाडली, तिलाच ती मोडता आली नाही. मायक्रो चॅनेल मागे पडला आणि घरोघरच्या संगणकांत साधा आयएसए आणखी दहा वर्षे नांदला.

याच आयएसए स्लॉटमधून देवनागरी पीसीच्या पडद्यावर आली. डॉस चालवणाऱ्या पीसीत अक्षरांसाठी ठरावीक चौकोन असत, एका संकेताला एक चौकोन आणि एक आकृती. रोमन लिपीला तेवढे पुरे. आपल्याकडे ‘कि’ लिहिताना क आधी टाइप होतो आणि वेलांटी त्याच्या डावीकडे उमटते. ‘स्त्री’त तीन व्यंजने एकात एक गुंततात. डॉसला यातले काही ठाऊक नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये या प्रश्नावर काम सुरू झाले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्यातून ‘जिस्ट कार्ड’ तयार झाले. हे कार्ड स्लॉटमध्ये बसवले की अक्षरे जुळवण्याचे काम ते स्वतःकडे घेई. डीबेस, वर्डस्टार यांसारखी डॉसवरची सॉफ्टवेअर होती तशीच चालत, आणि पडद्यावर मराठी दिसे.

त्यामागची संकेतावली होती ‘इस्की’. २५६ संकेतांतले खालचे १२८ रोमनसाठी जसेच्या तसे ठेवायचे आणि वरच्या भागात भारतीय लिपी बसवायच्या, अशी तिची रचना. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला सारखीच, म्हणून सगळ्यांना संकेतही समान. त्यामुळे देवनागरीत भरलेली नावांची यादी गुजरातीत किंवा कन्नडमध्येही दाखवता येई. १९९१मध्ये इस्की भारतीय मानक झाली, आणि आज मोबाइलवर चालणाऱ्या युनिकोडमधला देवनागरीचा विभाग तिच्याच १९८८च्या मांडणीवर बेतलेला आहे. विंडोज आले, अक्षरे जुळवण्याचे काम सॉफ्टवेअरने उचलले आणि जिस्ट कार्डाची गरज संपली. बहुतेक कार्डांचे आयुष्य असेच जाते. नवे काम आधी स्लॉटमध्ये उमेदवारी करते. ते सगळ्यांनाच लागू लागले की मदरबोर्डावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये कायम होते आणि स्लॉट पुढच्या उमेदवाराला मोकळा होतो. घड्याळ, प्रिंटरचे तोंड, आवाज, नेटवर्क, सगळी याच वाटेने गेली.

आयएसएची घरगुती डोकेदुखी म्हणजे जंपर. साउंड ब्लास्टर कार्ड बसवायचे तर त्याचा पत्ता आणि व्यत्ययाचा (इंटरप्टचा) क्रमांक कार्डावरच्या इवल्याशा टोप्या हलवून ठरवावा लागे. क्रमांक ७ दिला तर तो प्रिंटरच्या जोडणीशी भांडे, म्हणून बहुतेक जण ५ देत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन संगणक असेंबल करणाऱ्यांना असे आकडे तोंडपाठ असत.

आयएसए खरा थकला तो चित्रांपुढे. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे २५६ रंगी चित्र म्हणजे सुमारे तीन लाख बाइट. सेकंदाला तशी ३० चित्रे पाठवायची तर ९० लाखांवर बाइट न्यावे लागतात. आयएसएची कमाल होती सुमारे ८० लाख, तीही कागदावर. १९९२मध्ये इंटेलने पीसीआय आणला, ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्‌झ, सेकंदाला १३३ मेगाबाइट. प्रत्येक कार्ड आपला बनवणारा कोण आणि आपण कोण हे स्वतःच सांगू लागले आणि जंपर गेले. आयएसएची कार्डे सांभाळावी लागणार होतीच, म्हणून काही वर्षे मदरबोर्डावर काळे आयएसए आणि पांढरे पीसीआय शेजारी शेजारी असत. पीसीआय कार्डावरचे भाग पट्टीच्या दुसऱ्या बाजूला वळवलेले होते. त्यामुळे दोन्ही प्रकारांना मिळून मागची एकच फट देता येई, अर्थात एका वेळी एकच कार्ड.

ग्राफिक्सची भूक त्यानेही भागेना, तेव्हा १९९७च्या सुमारास एकट्या ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी आला. मग २००४पासून सगळ्यांची जागा पीसीआय एक्सप्रेसने घेतली. एजीपी आणि पीसीआय एक्सप्रेस या दोन्हींच्या घडणीत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, इंटेलमधले अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. पीसीआय हा चाळीतला सार्वजनिक नळ होता, पाणी एक आणि रांगेत सगळे. पीसीआय एक्सप्रेसने प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र जोडणी दिली. जोडणी अर्ध्या इंची की दोन इंची, म्हणजे लेन किती, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर सोडले: १, ४, ८ किंवा १६.

या स्लॉटकडे जवळून पाहिले की रचना उलगडते. आत एक आडवी खूण आहे. तिच्या अलीकडचा छोटा भाग सगळ्या आकारांत सारखाच असतो, कारण तिथून मुख्यतः वीज येते. खुणेपलीकडे लेन सुरू होतात आणि लांबी वाढते ती फक्त तिकडे. एका लेनचा एक्स-१ स्लॉट २५ मिलिमीटरचा, सोळा लेनचा एक्स-१६ असेल तर ८९चा. म्हणून एक्स-१चे छोटे कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये निर्धास्त बसते आणि चालते. पीसी एटीची तीच जुनी युक्ती, जुन्याला धक्का न लावता पुढे तुकडा वाढवण्याची.

घोळ याच सोयीतून होतो. लांब कार्ड बसावे म्हणून मदरबोर्ड बनवणारे ८९ मिलिमीटरचा स्लॉट देतात आणि आत तारा जोडतात चारच लेनच्या. बऱ्याच बोर्डांवर अशा स्लॉटमध्ये बॅटरीचा उजेड टाकला तर पुढच्या भागात पिना नसल्याचे डोळ्यांनाच दिसते. लेनचा साठाही मोजका असतो. एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरकडे २४ लेन होत्या, १६ ग्राफिक्सला, ४ एसएसडीला आणि ४ चिपसेटकडे जाणाऱ्या. बाकीचे स्लॉट, हार्ड डिस्क, यूएसबी आणि नेटवर्क यांतले बरेचसे त्या शेवटच्या चारांवर भागते. म्हणून काही बोर्डांत दुसऱ्या एम.२ जागेत एसएसडी घातला की सॅटाची एक-दोन तोंडे बंद पडतात. बोर्ड बिघडलेला नसतो, लेन दुसरीकडे वळलेली असते.

पिढ्यांचेही तसेच. पीसीआय एक्सप्रेसच्या प्रत्येक पिढीत लेनचा वेग साधारण दुप्पट झाला. पहिलीत सेकंदाला २५० मेगाबाइट, तिसरीत सुमारे १ गिगाबाइट, चौथीत २. जुने कार्ड नव्या बोर्डावर आणि नवे जुन्यावर चालते, पण दोघांपैकी जो मागे त्याच्या वेगाने. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या २०२२च्या कार्डाचा आकार एक्स-१६चा, पण लेन चारच. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्याला सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट मिळतात, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ४. कार्डावरची मेमरी ४ गिगाबाइटच असल्याने ती भरली की त्याला सारखे संगणकाच्या रॅमकडे धावावे लागते आणि तिथे जुना बोर्ड जाणवतो. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बोर्डही बहुधा जुनाच असणार, म्हणजे फटका नेमका त्यालाच.

तेव्हा दुकानात जाण्याआधी मदरबोर्डाच्या पुस्तिकेतला स्लॉटचा तक्ता वाचावा. प्रत्येक स्लॉटपुढे आकार, त्यातल्या लेन आणि पिढी अशा तीन गोष्टी असतात, आणि खाली बारीक अक्षरात काय लावले की काय बंद होते ते. एक्स-१६ स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त मागणाऱ्या कार्डासाठी एसएमपीएसमधून ६ किंवा ८ पिनांची वेगळी केबल निघते का, तेही बघावे. आणि जाड ग्राफिक्स कार्ड घ्यायचे असेल तर मागच्या किती पट्ट्या काढाव्या लागतील हे आधीच मोजावे, दर पट्टीला २०.३२ मिलिमीटर या हिशेबाने. कार्ड बसेल की नाही एवढेच पट्टी सांगते, चालेल किती ते तक्ता सांगतो.