दारावर चिकटवलेला कागद

कोर्टाचा बेलीफ गावात शिरला की पारावर कुजबूज सुरू होते. 'आज कोणाच्या घरी?' असं जो तो विचारतो. समन्स आपल्या दारी येऊ नये, असं कोणाला वाटत नाही? पण वाचकहो, समन्स आलंच नाही आणि एकदम जप्तीच दारी आली तर? आपल्या दख्खनच्या शेतकऱ्यावर एके काळी अशी पाळी आली होती. तीच हकिकत आज सांगायची आहे.

पेशवाईत जमिनीचा तंटा गोतसभेपुढे जाई. वादी-प्रतिवादी दोघांना बोलावणं जाई. दोघेही निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत, जामीन देत आणि आपापली तकरीर मांडत. मग साक्षीपुरावे होऊन महजर होई. त्या पद्धतीत वशिला नव्हता, पक्षपात नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण सभा गावातच बसे आणि तिच्यापुढे काय चाललं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे.

इंग्रजी अमलात न्याय तालुक्याच्या कोर्टात गेला. १८५९ साली दिवाणी दाव्यांच्या कामकाजाचा कायदा झाला. समन्स हातात द्यावं, माणूस सापडला नाही तर घराच्या दारावर चिकटवावं, असा त्याचा नियम. नियम कागदावर वाईट नव्हता. पण ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला दारावरचा कागद काय सांगणार? त्याच साली मुदतीचाही कायदा झाला. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावायचा, म्हणून सावकार दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवं खत लिहून घेई. कुणबी अंगठा उठवून मोकळा होई.

पुढे दावा लागे. कोर्ट लांब, पेरणीचे दिवस, वकिलाला पैसा नाही. 'जाऊन तरी काय होणार?' असं म्हणून कुणबी घरीच राही. काही ठिकाणी तर बेलिफाला हाताशी धरून समन्स न बजावताच बजावल्याचा शेरा मारला जातो, अशी तक्रार होती. परिणाम एकच: एकतर्फी हुकूमनामा.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक सावकारांवर उठले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत हे लोण पसरलं. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतं, रोखे, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे! ज्या कागदांनी आपलं म्हणणं न ऐकता आपली जमीन नेली, त्यांच्यावर हा राग होता.

सरकारनं चौकशीसाठी कमिशन नेमलं आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. शक्य तोवर प्रतिवादी शेतकऱ्याला कोर्टानं समोर बोलावून त्याची जबानी घ्यावी. रकमेबद्दल वाद असेल तर नुसतं शेवटचं खत न पाहता व्यवहार पहिल्या उचलीपासून तपासावा, असं त्यात ठरलं. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही बंद झालं. सावकारी त्यानं संपली नाही. पण 'बोलावलं' म्हणजे 'ऐकलं' नव्हे, एवढं सरकारला कबूल करावं लागलं.

आजचा दिवाणी कायदा १९०८ चा. समन्स दारावर चिकटवलं तर ते केव्हा, कसं आणि कोणासमक्ष, हे बेलिफाला लिहून द्यावं लागतं. घरधनी नसला तर पूर्वी घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच समन्स देता येई; १९७६ च्या दुरुस्तीनं सज्ञान स्त्रीकडेही देता येऊ लागलं. समन्स रीतसर बजावलंच नव्हतं असं सिद्ध केलं, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो.

तेव्हा उद्या बेलीफ तुमच्या दारी आला तर मागच्या दारानं निघून जाऊ नका. समन्स नाकारलं म्हणून दावा थांबत नाही. कागद घ्या, तारीख पाहा, वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्या आणि त्या दिवशी हजर राहा. 'या, तुमचं म्हणणं सांगा' असं कोर्टानं म्हणावं, याची किंमत सुप्याच्या लोकांनी फार महाग मोजली आहे.