१४. ‘बसने हात काढला’
अमेरिकेतल्या पिवळ्या शाळाबसच्या डाव्या, म्हणजे चालकाच्या, अंगाला बिजागरीवर बसवलेली लाल अष्टकोनी पाटी. लाल दिवे लुकलुकले, पाटी बाहेर आली, की न्यू जर्सीत मागच्या-समोरच्या सगळ्या वाहनांनी निदान २५ फुटांवर थांबायचे. मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी वेग ताशी १० मैलांवर आणला तरी पुरते. लेखिकेची शाळा अंबरनाथची, म्हणून हे नवल. आपल्याकडे २०११ च्या महाराष्ट्र स्कूलबस नियमांनी बसमध्ये मदतनीस सक्तीचा केला. मुली असतील तर बाईच हवी. उल्हासनगर-बदलापूरकडे ती ‘मावशी’: एका हातात पोराचे मनगट, दुसरा तळवा रिक्षांपुढे. पुढच्या परिच्छेदातली मावशी हीच, नात्यातली नव्हे.