मतिमंदांची निवासगृहे : नोंदणी झाली, विचारपूस राहिली

सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात शिकवताना एक प्रश्न वारंवार कानावर येतो. मूल मतिमंद असेल तर आई विचारते, "सर, आम्ही आहोत तोवर ठीक. नंतर याला कोण बघणार?" नाशिक इथून नव्वदेक किलोमीटर. तिथे 1977 मध्ये रजनी लिमये यांनी 'प्रबोधिनी' सुरू केली आणि अशा मुलांना शाळा मिळाली. पण शाळा दिवसाची असते. आईचा प्रश्न रात्रीचा आहे आणि तिच्या मरणानंतरचा आहे. त्याचे उत्तर म्हणजे निवासी संस्था. म्हणूनच या संस्थांवर लक्ष कोणी ठेवायचे, याचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

इंग्रजांच्या 1912 च्या कायद्याने मनोरुग्ण आणि मतिमंद यांना 'वेडा' या एकाच व्याख्येत कोंबले होते. मुंबईच्या मानखुर्दला चिल्ड्रेन्स एड सोसायटीने 1941 मध्ये मतिमंद मुलांसाठी वेगळे गृह काढले, तेव्हा हा फरक निदान व्यवहारात दिसला. कायद्यात तो यायला 1987 उजाडले. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मनोरुग्णाच्या व्याख्येतून वगळले. हे योग्यच होते. मात्र त्यामुळे मनोरुग्णालयांना लागू झालेली परवान्याची अट मतिमंदांच्या गृहांना लागू झाली नाही. अपंगांसाठीच्या संस्थांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा 1995 चा. तो फेब्रुवारी 1996 मध्ये अमलात आला.

दरम्यान 1994 मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरचे प्रकरण घडले. तिथल्या निवासी संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता ठेवणे अवघड जाते, हे कारण दिले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ही संस्था शासनाच्या नजरेआड नव्हती. प्रश्न परवान्याचा नव्हताच. सोय कोणाची आणि शरीर कोणाचे, हा होता. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात म्हटले की, सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरनंतर पंधरा वर्षांनी ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगितली गेली.

आपल्या समाजाने विसरू नये अशी एक घटना तामिळनाडूतील एरवाडीची. तिथे दर्ग्याच्या परिसरात लोकांनी खासगी आसरे काढले होते. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 जण गेले. ते मनोरुग्ण होते, मतिमंद नव्हेत. पण धडा दोघांसाठी एकच. दुवा मागायला येणाऱ्या कुटुंबाच्या श्रद्धेला दोष देऊन भागत नाही. त्या श्रद्धेभोवती झोपड्या उभारून पैसे घेणाऱ्यांना कोणी विचारले नाही, हा दोष आहे.

महाराष्ट्रात 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडासच्या मतिमंद बालगृहातील मुलांच्या मृत्यूची बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरच्या अशा गृहांचा प्रश्न हाती घेतला. त्यातून पाहणी सुरू झाली आणि 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतील गृहातले लैंगिक अत्याचार उघड झाले. पुढे खटला उभा राहिला, मुलींची साक्ष झाली आणि 2013 मध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या. ज्यांना 'यांना काय कळतं' म्हणून गप्प बसवले जाते, त्यांच्याच सांगण्यावर खटला उभा राहिला, हे लक्षात ठेवावे.

आज 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. नोंदणी सक्तीची आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि सज्ञान मतिमंद व्यक्तीला पालक नेमून देण्याचे काम ती करते. बालगृहांना बाल न्याय कायदा लागू आहे. पण त्या कायद्यातले मूल अठराव्या वर्षी संपते, मतिमंदत्व संपत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे हेच मांडत आले आहेत. बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही तिथेच राहू द्या, ही त्यांची मागणी. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, पण प्रश्न अजून मिटलेला नाही.

दहा-बारा जणांची छोटी गृहे मला मोठ्या संस्थांपेक्षा बरी वाटतात. तिथे माणसाला नावाने हाक मारली जाते. पण घर छोटे, तसे दारही लवकर बंद होते. मोठ्या इमारतीचे नियम लावून त्यांना टाळे ठोकणे हा उपाय नाही, कारण मग ती मुले रस्त्यावर येतील किंवा घरातच दोरीने बांधली जातील. नियम थोडे ठेवा, पण न कळवता भेट द्या, संचालकाला बाहेर थांबवून राहणाऱ्यांशी बोला. ज्याला बोलता येत नाही त्याचे वजन, अंगावरचे वण आणि ताट पाहा. मूल कोकणी बोलणारे असेल तर ती भाषा जाणणारा माणूस सोबत न्या.

आणि हे काम एकट्या सरकारचे नाही. रमजानमध्ये आपण यतीमखान्यांना, संस्थांना जकात-सदका देतो, पावती घेतो आणि परत फिरतो. पावती फक्त पैशाचा हिशेब सांगते. आत जाऊन एखाद्या मुलाजवळ अर्धा तास बसावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. ज्या घरात बाहेरची माणसे येत-जात राहतात, तिथे कळंबोली घडणे अवघड असते.