अंगठ्याचे माप : एका लहान मोबाइलची रचना आणि लेखनाचा प्रश्न

मोबाइल दूरध्वनीच्या अर्वाचीन इतिहासाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक पडद्याच्या वाढीकडे वृक्षाच्या वाढीप्रमाणे पाहतात. २००७ साली ॲपलच्या पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंचांचा होता. २०११ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोटचा ५.३ इंचांचा झाला; लहान उपकरणे मागे पडली ती दुबळी होती म्हणून, असा ह्या कथनाचा सर्वसाधारण सूर असतो. प्रस्तुत लेखात ह्या मालिकेत न बसणाऱ्या एका उपकरणाचा विचार करावयाचा आहे. त्याची रचना बारकाईने पाहिली असता असे वाटू लागते की, पडदा वाढण्यामागे चित्रे पाहण्याची हौस होती, तसाच कळफलकाचा आग्रहही होता. आणि तो कळफलक रोमन लिपीचा होता.

सोनी व एरिक्सन ह्या जपानी आणि स्वीडिश कंपन्यांनी २००१ साली स्थापन केलेल्या संयुक्त संस्थेने फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोना येथे एक्सपीरिया एक्स-१० मिनी हा स्मार्टफोन प्रथम दाखविला. त्याची लांबी ८३ मिलिमीटर, रुंदी ५० मिलिमीटर, जाडी १६ मिलिमीटर व वजन ८८ ग्रॅम होते. म्हणजे लांबीरुंदीने तो बँकेच्या कार्डाहूनही किंचित लहान होता. जाडी मात्र बेढब म्हणावी अशीच होती. पडदा २.५५ इंचांचा, २४० बाय ३२० ठिपक्यांचा. आत अँड्रॉइड १.६ ही प्रणाली.

एवढ्याशा पडद्यावर मोठ्या फोनची मांडणी आक्रसून बसविली असती तर ते उपकरण केवळ कुतूहलाचा विषय ठरले असते. रचनाकारांनी तसे केले नाही. त्यांनी पडद्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक चिन्ह ठेवले, ते बदलण्याची मुभा वापरणाऱ्यास दिली, आणि मधल्या जागेत एका पानावर एकच गोष्ट राहील अशी व्यवस्था केली. ह्या योजनेचे मर्म अंगठ्याच्या पोहोचेत आहे. ८३ मिलिमीटरांच्या वस्तूत चारही कोपरे धरणाऱ्याच हाताच्या अंगठ्याखाली येतात, आणि कोपरा न पाहताही सापडतो. मोठ्या फोनवर हेच गणित उलटते. तेथे समोरचा वरचा कोपरा अंगठ्यास सर्वांत दुर्गम होतो. तेव्हा ही मांडणी त्या मापातूनच जन्मलेली होती, आणि यंत्र व प्रणाली ह्यांचा एवढा मेळ त्या काळच्या अँड्रॉइड उपकरणांत क्वचितच आढळे.

ह्या मेळाची किंमतही द्यावी लागली. बाहेरून घ्यावयाची अनेक उपयोजने मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली होती. प्रणाली तर आरंभापासूनच मागासलेली होती, कारण त्याच वर्षीच्या जानेवारीत निघालेल्या गूगलच्या नेक्सस वनवर २.१ ही आवृत्ती होती. मिनीला ती २०१० च्या अखेरीस मिळाली, आणि तेथेच त्याची प्रगती थांबली.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरे महत्त्व कळफलकास आहे. २.५५ इंचांत सव्वीस कळांची रोमन मांडणी अंगठ्याने वापरता येणे अशक्यप्राय. म्हणून ह्या फोनच्या काचेवर जुन्या दूरध्वनीप्रमाणे बारा कळा उमटत. दोनच्या कळीवर तीन अक्षरे, सातच्या कळीवर चार. शब्दानुमानाची सोय नसती, तर इंग्रजी एस लिहिण्यास चार दाब लागले असते. अनुमानाने एक पुरे, परंतु मग होम, गुड आणि गॉन हे तिन्ही शब्द त्याच चार कळांतून निघतात व यंत्राला निवड करावी लागते. ज्यांना सव्वीस कळाच हव्या होत्या त्यांच्यासाठी मिनी प्रो हे भावंड काढले गेले. त्यात सरकता कळफलक होता आणि वजन १२० ग्रॅमांवर गेले. पुढच्या, २०११ च्या, एक्सपीरिया मिनीचा पडदा ३ इंचांचा करण्यात आला.

आता देवनागरीकडे वळू. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार वर्गवार लावलेली असल्यामुळे एका कळीवर एक वर्ग ही मांडणी सहज सुचते, आणि भारतात विकल्या गेलेल्या साध्या मोबाइलवर हिंदी लेखनाची सोय बारा कळांतच करण्यात आली होती. तथापि वर्णमालेची शास्त्रीयता अंगठ्याच्या सोयीची असतेच असे नाही. न आणि म ही मराठीत वारंवार येणारी व्यंजने आपापल्या वर्गात पाचवी आहेत. अनुमानाची मदत घेतली तर दुसरीच अडचण उभी राहते : पान, मान, भान, भात हे सर्व शब्द त्याच तीन कळांचे होतात, कर, घर आणि गर ह्यांचेही तेच. एका वर्गातील व्यंजने घोष, महाप्राण वा अनुनासिकत्व एवढ्यानेच भिन्न असतात, आणि अशा भेदावर उभ्या असलेल्या शब्दजोड्या मराठीत विपुल आहेत. वर्णमाला उभी वाचून क, च, ट, त, प एकत्र ठेवले तर कान, पान, तान ह्यांची गर्दी होते. दोहोंपैकी कोणती मांडणी कमी संदिग्ध, हे मराठी शब्दसंग्रह व शब्दांची वारंवारता तपासल्यावाचून सांगता येणार नाही. पदव्युत्तर प्रबंधास हा विषय उत्तम आहे.

स्पर्शपडद्यावर हा प्रश्न ऐरणीवर येण्याची वेळच आली नाही. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत हिंदी लेखनाची सोय जुलै २०१२ मधील ४.१ ह्या आवृत्तीत आली. एक्स-१० मिनी २.१ वरच थांबलेला होता. पुढे त्या प्रणालीत आलेला हिंदी कळफलक इन्स्क्रिप्टच्या मांडणीवर आधारलेला आहे. ती मांडणी १९८० नंतरच्या दशकात टंकन करणाऱ्या दोन हातांसाठी आखली गेली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. एका अंगठ्याने लिहिणाऱ्यास ह्या विभागणीचा उपयोग तो काय? तिला रुंद काच मात्र लागते, आणि काच तोवर रुंद झालीच होती. बाजारातील ‘मिनी’ ह्या शब्दाचा अर्थही तिच्याबरोबर सरकला : २०१३ च्या गॅलेक्सी एस-४ मिनीचा पडदा ४.३ इंचांचा, तर २०२० च्या आयफोन १२ मिनीचा ५.४ इंचांचा, म्हणजे कर्णाच्या मापाने २०११ च्या त्या अवाढव्य नोटहूनही थोडा मोठा. अर्थात नोटची रुंदी सुमारे ८३ मिलिमीटर होती व ह्या मिनीची ६४. केवळ कर्ण मोजून उपकरणांची तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.