एका तावाची पुस्तिका

छापखान्याचा शोध लागला, पुस्तके स्वस्त झाली आणि युरोपात धर्मसुधारणा झाली, अशी साखळी आपण वर्गात शिकवतो. पण सनावळी नीट पाहिली तर एक प्रश्न पडतो. गुटेनबर्गचे बायबल माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास छापून झाले. मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले ते १५१७ मध्ये. मधली साठ वर्षे छापखाना काय करत होता?

तो मुख्यतः लॅटिन ग्रंथ छापत होता. गुटेनबर्गचे बायबलही लॅटिनच, १२०० हून अधिक पृष्ठांचे. अशा ग्रंथाला कागद फार लागे, वेळ फार लागे आणि गिऱ्हाईक थोडे. मुद्रकाचा पैसा अडकून पडे. म्हणून किरकोळ कामे घ्यावी लागत. त्यांत चर्चची पापमुक्तिपत्रेही होती. १४५४-५५ मध्येच ती माइन्झला छापली गेली. ज्या पत्रांवर ल्यूथर पुढे तुटून पडला, तीही छापखान्यातूनच निघत होती!

ल्यूथरचे ९५ मुद्देसुद्धा लॅटिनमध्ये, विद्वानांसाठी होते. मार्च १५१८ मध्ये मात्र त्याने तोच विषय साध्या जर्मनमध्ये, वीस छोट्या परिच्छेदांत मांडला. मजकूर जेमतेम आठ पृष्ठांचा. १५२० पर्यंत त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

आठच पृष्ठे का, हे वर्गात करून पाहता येईल. कागदाचा एक ताव घ्या आणि त्याला दोनदा घडी घाला. आठ पृष्ठे होतात. त्यांवर क्रमांक टाका आणि ताव उलगडा. एका बाजूला १, ४, ५, ८ आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७ दिसतील. म्हणजे दोन्ही बाजू एकेकदा छापल्या, घडी घालून कडा कापल्या, की पुस्तिका तयार. काम एक-दोन दिवसांचे, भांडवल थोडे आणि पैसा लगेच परत. शिवाय आजच्यासारखा लेखनहक्काचा कायदा नव्हता. एक प्रत दुसऱ्या गावी पोचली की तिथला मुद्रक ती आपल्या खर्चाने पुन्हा छापी. वाचता न येणारेच अधिक होते; त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी.

१५२१ मध्ये सम्राटाने ल्यूथरच्या लेखनावर बंदी घातली. तरीही सप्टेंबर १५२२ मध्ये निघालेला त्याचा जर्मन 'नवा करार' इतका खपला, की डिसेंबरमध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली.

हे साधन ल्यूथरच्या एकट्याच्या हातात राहिले नाही. १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे अशाच पुस्तिकेतून मांडली. त्याच वर्षी शेतकऱ्यांना ठेचून काढा, असे सांगणारी पुस्तिका ल्यूथरने लिहिली. तीही छापली गेली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १५२४ मध्ये, ल्यूथरने जर्मन नगरपालांना मुलगे आणि मुली दोघांसाठी शाळा काढण्याचे आवाहन केले होते. छापखान्याचा धडा शिकवताना आपण यंत्राबरोबर भाषा, किंमत आणि शाळा यांचीही गोष्ट सांगायला हवी. यंत्र तर साठ वर्षे आधीपासून होतेच.