सपोर्ट संपल्यानंतर

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत कोपऱ्यात एक जुना संगणक होता. डबा मूळचा पांढरा, पण उन्हाने पिवळा पडलेला. जाडजूड मॉनिटर. बटण दाबलं की बराच वेळ घरघर करायचा आणि मग पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उमटायचं. विंडोज एक्सपी. मुलं हसायची. मी त्यांना म्हणायचो, "हसू नका रे, हा आपल्या तळगडासारखा आहे. किल्लेदार कधीच गेला, बुरूज अजून उभे आहेत."

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडला असा नाही. आमचा दुसऱ्या दिवशीही सुरू झाला, तिसऱ्या दिवशीही. फक्त त्यातली भोकं बुजवणारा कोणी उरला नाही. संगणकाच्या प्रणालीत चुका सापडतच राहतात आणि कंपनी त्यावर दुरुस्ती पाठवते. सपोर्ट संपला की दुरुस्ती थांबते. त्यातही एक मेख आहे. नव्या प्रणालीतली चूक दुरुस्त झाली की ती चूक कुठे होती हे चोरालाही कळतं, आणि जुन्या प्रणालीत तीच चूक असली तर ती तशीच उघडी राहते. शेजाऱ्याने कुलूप का बदललं हे गावभर झालं, आणि आपल्या दाराला मात्र तेच जुनं कुलूप, असा तो प्रकार.

हे सगळं मी वर्गात शिकवत होतो. आणि तरीही त्या संगणकात काय पडून आहे याचा विचार मी सहा वर्षं केला नाही. त्याची ही कबुली.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा कारकुनीतून निवृत्त झाले होते. अक्षर मोत्यासारखं. मशिदीच्या कपाटात मोहल्ल्याची एक जुनी वही होती. कोणाचा निकाह कोणाशी, कोणत्या साली, मेहर किती, साक्षीदार कोण. कोणाचा इंतकाल कधी झाला, कबर कोणत्या बाजूला. तीन-चार पिढ्यांनी उर्दूत लिहिलेली वही. २००६ च्या सुमारास चाचांच्या मनाने घेतलं की ही संगणकात चढवायची. इनपेज तेव्हा आमच्या शाळेतल्या त्याच एका संगणकावर होतं. शाळा सुटली की ते यायचे, चष्मा पुसायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. मी म्हणायचो, "चाचा, वही आहे ना, मग कशाला डोळे फोडता?" ते म्हणायचे, "मास्तर, आपल्या कोकणात कागदाचं आयुष्य पावसाच्या हातात असतं."

तीन वर्षं त्यांनी ते काम केलं. एक सीडीही काढून ठेवली. पुढे ते वारले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. त्या दिवशी रायगडातल्या दक्षिणेकडच्या तालुक्यांनी काय पाहिलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पत्रे उडाले, माडाच्या आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस आली नाही. मशिदीच्या एका खोलीचे पत्रे गेले आणि कपाट रात्रभर पावसात उभं राहिलं. वही काढली तेव्हा पानं एकमेकांना चिकटली होती आणि शाई वाहून पानांवर निळे ढग झाले होते. चाचांची सीडी शोधली. तिला बुरशी लागली होती, झाडाच्या मुळांसारख्या रेषा. आता उरला तो कोपऱ्यातला संगणक. सपोर्ट संपून सहा वर्षं झालेला, मधल्या काळात कोणी सुरूही न केलेला.

पुढचं सांगण्याआधी थोडं मागे जातो. कारण ही अडचण संगणकाने आणलेली नाही, आपल्या भागात ती दोन हजार वर्षांची आहे.

तळ्याहून मांदाडच्या बाजूला गेलं की राजपुरीच्या खाडीवर कुड्याची बौद्ध लेणी लागतात. भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. दान देणाऱ्यांत महाभोज घराण्यातली माणसं आहेत, तसा लोखंडाचा व्यापारी आहे आणि माळीही आहे. दगडात कोरलेलं, म्हणजे त्याहून टिकाऊ काय असणार? पण पुढे वाचणारेच संपले. शेकडो वर्षं लोक त्या भिंतींसमोरून गेले आणि त्यांना ती नुसती नक्षी वाटली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला, त्यानंतर अशा लेखांना पुन्हा आवाज फुटला. दगड शाबूत होता, सपोर्ट संपला होता.

मोडीचंही तेच. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचा मराठी कारभार मोडीत चालला. छपाई आली, देवनागरीचे खिळे आले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांमधूनही गेली. पण कागद कुठे जाणार? पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह, तहसिलीतली जुनी दप्तरं, ही सगळी तशीच आहेत. माझ्या आजोबांच्या पेटीतही जमिनीचा एक मोडी कागद आहे. घरात अरबी वाचणारे आहेत, उर्दू-मराठी शिकवणारा मी आहे, पण तो कागद वाचायला आम्हाला पैसे देऊन जाणकार गाठावा लागला.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे कळलं. जुन्या नोंदी मोडीत होत्या आणि निजामाच्या काळातले कागद उर्दूत. गावोगाव मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. काल ज्या लिपींना कोणी विचारत नव्हतं, त्या जाणणाऱ्यांसाठी कचेरीत खुर्ची ठेवली गेली. आरक्षणाच्या वादात मी इथे जात नाही. सांगायचं इतकंच, की माणसाचा हक्क कधीकधी अशा अक्षरांत अडकलेला असतो जी त्याच्या मुलांना वाचता येत नाहीत.

योगायोग पहा. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला आणि त्याच वर्षी जूनमध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडी लिपीला जागा मिळाली. एक जुनं झालं आणि दुसरं जुनं परत आलं.

आता उर्दूकडे येतो. नस्तालीक ही आपली लिहिण्याची रीत मोठी हट्टी. अक्षरं एका ओळीवर बसत नाहीत, उजवीकडून डावीकडे तिरकी उतरत येतात. त्यामुळे खिळे जुळवून ती कधी नीट छापता आली नाही. विसाव्या शतकातही उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहायचे आणि मग ती शिळाछापावर किंवा पुढे ऑफसेटवर जायची. १९२७ पासूनचं चेन्नईचं 'द मुसलमान' तर आपल्या काळापर्यंत हातानेच लिहिलं जात राहिलं. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक आलं. त्यांनी अक्षरजोडण्या एकेक करून हाताने लिहिल्या, हजारोंच्या संख्येने, आणि त्या संगणकात बसवल्या. त्याच नूरी नस्तालीकवर १९९४ मध्ये इनपेज उभं राहिलं. भारत आणि पाकिस्तानातल्या उर्दू छापखान्यांचा चेहरा त्याने बदलला. कातिबांचा धंदा गेला हेही खरं.

पण जुन्या इनपेजची स्वतःची गुप्त भाषा होती. त्यात टाइप केलेलं दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडलं की चिन्हांचा पाला-पाचोळा दिसायचा. मराठीवाल्यांनी हसू नये. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत हीच गत होती. आतमध्ये इंग्रजी अक्षर, वर मराठी अक्षराचा मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडायचा. २००५ च्या आसपास केलेल्या माझ्या मराठी प्रश्नपत्रिका आज अशाच मुखवट्याविना पडल्या आहेत.

तर तो संगणक. वीज आल्यावर मी आणि आमच्या शाळेचे शिपाई दादा, दोघांनी त्याची धूळ झाडली. बटण दाबलं. काळा पडदा आणि इंग्रजीत तक्रार. आतली छोटी बॅटरी मेली होती, तारीख २००२ वर जाऊन बसली होती. एफ-वन दाबलं, आणि घरघर करत हिरवी टेकडी आली. चाचांच्या नावाचं फोल्डर समोर होतं. दादा हळूच "माशाल्लाह" म्हणाले. ते मुसलमान नाहीत, पण आमच्या शाळेत वीस वर्षं काढलेली आहेत.

त्याला इंटरनेटची तार जोडायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. कारण २०१७ साल आठवत होतं. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ती न घेतलेले आणि सपोर्ट संपलेले संगणक उघडे होते. शेवटी मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरमधून तो निघाला, त्याच जुन्या भोकाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा वापर करत पसरला, आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट आपल्या रायगड जिल्ह्यात, उरणच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला. काम ठप्प झालं, कंटेनर अडकले.

मर्स्कला पुढे सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता तेही एकजात गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशात. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका प्रतीवरून पुढचं सगळं उभं राहिलं. आपल्याकडे वीज गेली की आपण बोटं मोडतो. मी ही गोष्ट मुलांना सांगतो, आणि सोबत हेही की एवढ्या मोठ्या कंपनीची दुसरी प्रतही नशिबाने उरली होती, नियमाने नव्हे. बँकांचीही अशीच कथा. कित्येक एटीएम एक्सपीवर चालत होते. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बजावलं की सपोर्ट असलेली प्रणाली टप्प्याटप्प्याने बसवा आणि जून २०१९ पर्यंत काम पुरं करा. म्हणजे सपोर्ट संपून पाच वर्षं झाल्यावर! शाळेतल्या मास्तरने सहा वर्षं लावली तर फार बिघडलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण ती खोटी समजूत आहे हेही मला माहीत आहे.

एक कोरा पेन ड्राइव्ह घेतला. फायली त्यावर उतरवल्या, दुसऱ्या संगणकावर आधी व्हायरस तपासला. माणगावला डीटीपी करणारा एक ओळखीचा मुलगा आहे, त्याच्याकडे इनपेज होतं. तिथे फायली उघडल्या. चाचांचा मजकूर जसाच्या तसा. मग तो युनिकोडमध्ये बदलला. बदलताना दोन घोळ झाले. गोल हे आणि दोचश्मी हे यांची काही ठिकाणी अदलाबदल झाली, आणि आकडे उलटे झाले. १९४६ चा निकाह ६४९१ साली लागला. यंत्रावर सोडलं असतं तर आमचे पूर्वज अजून जन्मायचे होते. म्हणून दोन महिने, लॉकडाऊनच्या त्या लांब संध्याकाळी, मी एकेक नोंद तपासली. वहीची जी पानं अर्धवट वाचता येत होती त्यांच्याशी ताडून पाहिली. त्या वाचनात मला माझ्या पणजीचं नाव पहिल्यांदा कळलं. घरात तिला सगळे "बडी माँ" म्हणत, नाव कोणालाच आठवत नव्हतं.

आज त्या वहीच्या कागदावर छापलेल्या दोन प्रती आहेत, वेगवेगळ्या घरांत. संगणकावर दोन, आणि एक परदेशात चाचांच्या मुलीकडे. गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या एका बाईला कागदपत्रांसाठी आईच्या निकाहचं साल हवं होतं. पाच मिनिटांत सापडलं. साल सरळ होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही सपोर्ट संपला. आमच्या खोलीतले बरेच संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत. तिला टीपीएम नावाची सुरक्षेची नवी सोय लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही. नवे घ्यायला पैसे नाहीत. दोन संगणकांवर लिनक्स टाकून पाहिलं. नस्तालीक फॉन्ट बसला, मराठी नीट उमटतं, मुलांना आठवड्यात सवय झाली, मलाच वेळ लागला. बाकीच्यांवर काम सुरू आहे.

तो एक्सपीचा संगणक अजून कोपऱ्यात आहे, तार न जोडता. दर वर्षी पावसाळ्याआधी मी आणि दादा तो एकदा सुरू करतो. या वर्षी सातवीच्या मुलांना समोर बसवलं आणि गृहपाठ दिला. आपल्या घरात असा कोणता कागद, कॅसेट, सीडी किंवा जुना मोबाइल आहे, ज्यातलं आता कोणाला वाचता किंवा ऐकता येत नाही, ते विचारून या. एक मुलगी दुसऱ्या दिवशी पिशवीत चार कॅसेट घेऊन आली. आखातातून आजोबांनी आजीला पाठवलेली बोलकी पत्रं. कॅसेट वाजवायचं यंत्र कोणाकडे आहे, ते आम्ही आता शोधतो आहोत. तुमच्याकडे चालू स्थितीत असलं तर टाकून देऊ नका.