अपस्मार, फेफरे आणि मातापित्यांचे मौन

नांदेड-लातूरकडे ज्या व्याधीस फेफरे, मिरगी अथवा फीट म्हणतात, तिचे ग्रंथातील नाव अपस्मार. चरकसंहितेने निदानस्थानाच्या आठव्या व चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात स्मृतीचा अपगम हे तिचे लक्षण सांगून वात, पित्त, कफ व सन्निपात असे चार प्रकार मानले. ग्रंथाने तिला चिकित्सेचा विषय केले. लोकव्यवहाराने मात्र तिला 'बाहेरची बाधा' ठरवून ती लपविण्याचे ओझे आईबापांवर टाकले.

हे मौन निव्वळ अज्ञानातून आले, असे म्हणता येणार नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरविले. ती तरतूद १९९९ मध्ये रद्द झाली. या तेवीस वर्षांत मुलीचे फेफरे झाकणाऱ्या आईच्या भीतीला कायद्याचाही आधार होता.

उपचारही दूर होते. फेनोबार्बिटलचा गुण १९१२ मध्येच कळला होता. परंतु शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५६ मध्ये, नांदेडास १९८८ मध्ये आणि लातुरास २००२ मध्ये निघाले.

योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, हे आज ज्ञात आहे. मात्र औषध मध्येच न सोडण्याचे बळ पालकांना संवादातूनच मिळते. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या 'संवेदना' या गटाने असा संवाद घडविला. मराठवाड्यात तो 'अपस्मार' या शब्दाने सुरू होणार नाही. वैद्याने आईचा 'फेफरे' हा शब्द प्रथम ऐकून घेतला पाहिजे.